बस काशीला, कचोरी भुकूमला

“काशीला जाऊन तुम्ही खाल्लं काय?”

मोजून पाच शब्द. हे पाच शब्द मी रविवारी माइकवरून, चाळीस माणसांसमोर बोलले, तर माझी मैत्रीण मन्तशा मला महिनाभर तिच्या डब्यातलं अर्धं देणार होती. नाही बोलले, तर मी वक्तृत्व स्पर्धेत तालुक्यात तिसरी आले हे यापुढे कुणालाही सांगायचं नाही, नव्या पाहुण्यांनासुद्धा नाही, असं मृण्मयीने ठरवलं. दुसरी अट अमानुष होती. स्पर्धेत आम्ही चौघीच होतो हे मी तसंही कुणाला सांगत बसत नाही, पण तिसरी ती तिसरीच.

आता यात धाडस ते काय, असं कुणालाही वाटेल. ज्याला वाटेल त्याने आमच्या पप्पांना पाहिलेलं नाही.

पप्पांची ‘आपुलकी यात्रा कंपनी’ आहे. भुकूम गावात रोडला लागून आमचं घर, मागे भाड्याच्या आठ खोल्या आणि पुढे अंगणात उभी कंपनीची बस. बसच्या पाठीवर मोठ्या अक्षरांत लिहिलंय, ‘जग फिरा, घरचं खा’. लोकांना वाटतं ही जाहिरात आहे. ही धमकी आहे. यात्रा निघायच्या दिवशी प्रवाशांच्या बॅगा सगळ्यात शेवटी चढतात. आधी चढतात तीन शेगड्या, ज्वारीचं पीठ, बेसन, इंद्रायणी तांदळाची पोती, लोणच्याच्या बरण्या आणि मम्मीच्या हातचा मसाला. या सगळ्याचे राजे म्हणजे भिवाजीकाका, कंपनीचे आचारी. देशात अशी एक नदी नाही, जिच्या काठावर गेल्या पंधरा वर्षांत त्यांनी पिठलं केलं नाही. हिमालयाकडे म्हणे ते कायम पाठ करूनच बसले, कारण समोरून वारा आला की शेगडी विझते.

आमच्या भागातली मंडळी हौशी आहेत. जमिनी विकून झाल्या, बंगले झाले, दारात गाड्या आल्या. बघायचा राहिला होता फक्त भारत. तो बघायला ती पप्पांबरोबर जातात. बारा दिवसांत काशी, प्रयाग, अयोध्या, गया सगळं बघून येतात आणि त्यातल्या एकाही गावाला तोंड लावत नाहीत.

पप्पांचंही अगदीच चूक नाही म्हणा. पहिल्या खेपेला त्यांनी आचारी नेलाच नव्हता. तिसऱ्या दिवसापासून अर्धी बस पोट धरून बसली आणि हरिद्वारला एक म्हातारी भाकरीच्या आठवणीने ढसाढसा रडली. पप्पांनी कुठूनतरी पीठ पैदा केलं आणि धर्मशाळेच्या मागे स्वतः भाकरी थापली. ती कशी झाली होती हे कुणी सांगत नाही, पण म्हातारीने ती खाऊन पप्पांच्या डोक्यावर हात ठेवला. त्या हाताचं वजन आजपर्यंत आमच्या सगळ्यांच्या डोक्यावर आहे.

तर अशा माणसासमोर, त्याच्याच मेळाव्यात, त्याच्याच माइकवरून विचारायचं की तिथलं काय खाल्लं. म्हणजे मारुतीच्या देवळात जाऊन लग्नाचं विचारण्यातला प्रकार.

शिवाय माझं एक काम पप्पांकडे अडकलेलं होतं. बसमध्ये एक सीट कंपनी विकत नाही. सगळ्यात मागची, पिठाच्या डब्यांना चिकटून असलेली. ती ‘घरच्या माणसासाठी’. आजवर तिच्यावर माझे दोन काका, एक मामा, आत्याचे यजमान आणि बस दुरुस्त करणाऱ्याचा मेहुणा बसून आलेत. मेहुणा कुठल्या बाजूने घरचा, ते मी विचारलेलं नाही. मी दोन वर्षं ती सीट मागत होते. मी नववीत आहे. पुढच्या वर्षी दहावी, आणि दहावी लागली की आमच्याकडे माणूस जिवंत आहे असं कुणी धरत नाही. म्हणजे जानेवारीतली काशीयात्रा ही माझी शेवटची संधी. मी मोबाइलवर व्हिडिओ बघून यादीही केली होती: कचोरी कुठल्या गल्लीत, टमाटर चाट किती वाजता, आणि मलइयो नावाचा दुधाचा फेस, जो फक्त थंडीत मिळतो आणि जिभेवर ठेवला की गायब होतो. भिवाजीकाकांच्या तावडीतून कसं सटकायचं त्याचा नकाशासुद्धा काढला होता.

पप्पा म्हणाले होते, रविवारचा मेळावा तू चालव. नीट बोल, गोड बोल, जीभ आवर. सीट तुझी.

मी हे मैत्रिणींना सांगायची चूक केली. त्यांनी नेमकी तीच जीभ पकडली.

नोव्हेंबरची काशीयात्रा आटोपून आलेले सगळे रविवारी अंगणात जमले. दर यात्रेनंतर असा मेळावा असतो. लोक अनुभव सांगतात, पप्पा हार घालून घेतात आणि मग जेवण. जेवणाला काय असतं ते सांगत नाही, ओळखा. मम्मी सकाळपासून मागच्या बाजूला पातेल्यांत होती. ती कायम तिथेच असते. बस निघायच्या आधी आठ दिवस मसाला भाजते, बस गेल्यावर खोल्यांचं पाणी, भाडेकरू, आजीची औषधं बघते. ती कधी यात्रेला गेलेली नाही. का नाही, असा प्रश्न आमच्या घरात कुणाला पडलेला नाही, आणि प्रश्न पडणं हा जिचा धंदा आहे त्या मलाही नाही.

पहिला अर्धा तास मी इतकी गोड बोलले की मलाच खोकला आला. मागच्या रांगेत मन्तशा आणि मृण्मयी ‘आम्ही फक्त जेवायला आलोय’ असा चेहरा करून बसल्या होत्या. मृण्मयीने तीन बोटं वर केली. तिसरी. मग ती बोटं तिने एकेक करून मिटायला घेतली.

मी विचारलं. माझ्या आवाजात ते जरा जास्तच खणखणीत आलं.

पहिल्या खुर्चीवर जवळच्या सूस गावचे बहिरूआजोबा होते. यात्रेतले सगळ्यात मानाचे प्रवासी, चौथी खेप. त्यांनी माइक घेतला, घसा साफ केला आणि म्हणाले, “पिठलं. लई भारी झालं हुतं.”

टाळ्या पडल्या. भिवाजीकाकांनी नम्रपणे मान झुकवली. मी विचारलं, आणि प्रयागला? प्रयागला भरली वांगी. गयेला? पिंडदान उरकलं की वरण-भात, वर लिंबाचं लोणचं. अयोध्येला झुणका. झुणका म्हणजे पाणी आटलेलं पिठलंच ना, असं मी म्हटलं, त्यावर पप्पांनी माझ्याकडे बघितलं. सीटचं एक चाक निखळल्याचा मला स्पष्ट आवाज आला.

तिथे थांबायला हवं होतं. पण माझ्या अंगात तालुका संचारला होता. मी म्हटलं, म्हणजे तिथलं असं कुणी काहीच खाल्लं नाही?

मग बायकांच्या बाजूने सारजाआजी, म्हणजे बहिरूआजोबांच्या मंडळी, बसल्या जागेवरून म्हणाल्या, “म्या खाल्ली. कचुरी.”

बहिरूआजोबा सावकाश मागे वळले. “कवा?”

“तुमास्नी सांगून गेलते की, बांगड्या भरायला जाते म्हून.”

“मंग बांगड्या कुटंयत?”

“फुटल्या,” सारजाआजी म्हणाल्या.

अंगण हसायला लागलं तसा त्यांना जोर चढला. कचोरी एक नाही, चार. वर जिलबी. शिवाय द्रोणात टोमॅटोचं एक काहीतरी, ते खाताना नाकातून पाणी आलं आणि देवळात जाऊन विश्वनाथाला पहिल्यांदा काय मागितलं असेल तर ते आणखी एक द्रोण. हे सगळं सांगून झाल्यावर त्या नवऱ्याकडे बघून म्हणाल्या, मी निदान कबूल तरी केलं. तुम्ही पहाटे दुसऱ्यांदा गंगेवर आंघोळीला गेलात, ते मी आख्ख्या सूसमध्ये कौतुकाने सांगत फिरले, आणि आलात तेव्हा मिशीला मलई होती.

बहिरूआजोबांचा हात आपोआप मिशीवर गेला. कोर्टात याहून मोठा पुरावा लागत नाही.

मग बांध फुटला. एकाने अयोध्येत पोट दुखतंय म्हणून जेवण सोडलं होतं आणि मागच्या दाराने जाऊन रबडी हाणली होती. दोघी जावांनी एकमेकींच्या नकळत एकाच गाडीवर समोसा खाल्ला होता, एक डावीकडून, एक उजवीकडून. एक निवृत्त मुख्याध्यापक म्हणाले, आपण चारही खेपा दर एकादशीला बाहेर खाल्लं. उपास असला की पंगतीत कुणी शोधत नाही. चाळीस माणसं, बारा दिवस, एका बसमध्ये, आणि प्रत्येकाला वाटत होतं की चोर आपण एकटेच. कारण प्रत्येकाचं एकच, चंद्रकांतला, म्हणजे पप्पांना, वाईट वाटेल.

“तरीच भात उरायचा,” भिवाजीकाका म्हणाले आणि डोक्यावरची टोपी काढून, झटकून, परत घालून आत निघून गेले.

गळ्यातला हार काढून पप्पांनी खुर्चीच्या हाताला अडकवला. रोज उरलेला भात बघून ते गाईडला सांगायचे, हवा बदलली की म्हाताऱ्या माणसांची भूक मरते. या काळजीने त्यांनी मागच्या खेपेला बसमध्ये डॉक्टर ठेवला होता. डॉक्टरने कुठे काय खाल्लं, ते विचारायचं मी टाळलं. मलाही थोडी दयामाया आहे.

मी मागच्या बाजूला सटकले, कारण तिथे मम्मी होती आणि मम्मीच्या मागे लपता येतं. पण मम्मी जागेवर नव्हती. पंगत बसायची वेळ झाली होती, भाकऱ्या तव्यावर होत्या, आणि ती सारजाआजींच्या खुर्चीपाशी जमिनीवर बसली होती. हातात उलथनं तसंच.

“मावशी, ते टोमॅटोचं आंबट हुतं का गोड?”

सारजाआजी म्हणाल्या, आधी आंबट. मग तिखट. मग खाली गुळाचं पाणी घातल्यासारखं काहीतरी लागतं, पण ते उशिरा, द्रोण संपता संपता.

“उशिरा,” मम्मी म्हणाली. “तरी मी म्हणते. आमी केलं तवा पयल्या घासालाच गोड झालं. भाभीलापण पटलं न्हवतं.”

माझ्या मागे पप्पा येऊन उभे राहिले होते. त्यांनी विचारलं, “तुमी कवा केलं?”

मम्मीने मान वर केली. तिला वाटलं भाकरी करपल्याचं विचारतायत. मग म्हणाली, “तुमी तितं असताना.”

आता मला हे सांगायला लाज वाटते, कारण मी हुशार म्हणून प्रसिद्ध आहे. खोली नंबर तीनमध्ये एक भाभी राहतात. नवरा पिरंगुटला कंपनीत. त्यांचं माहेर गयेजवळ, सासर बनारसच्या बाजूला. मी लहानपणापासून बघतेय, पप्पांची बस गेली की मम्मी आणि भाभी स्वयंपाकघरात काहीतरी उद्योग करतात. सातूचं पीठ भरलेले कणकेचे गोळे निखाऱ्यावर भाजून तुपात बुडवतात आणि वांग्याच्या भरताबरोबर खायला देतात. लिट्टी म्हणतात त्याला. मी बोटं चाटून खाल्ली आहे. मला वाटायचं, पप्पा घरी नसले की मम्मीला भाकऱ्यांचा कंटाळा येतो. कुणालाही येईल.

पण लिट्टी व्हायची ती बस गयेला पोचली की. कचोरी व्हायची बस काशीत असताना. जगन्नाथपुरीच्या यात्रेत सहा नंबरच्या ओडिया ताई यायच्या आणि डाळीत भोपळा, कच्ची केळी घालून डालमा करायच्या. पप्पा रोज संध्याकाळी फोन करायचे, आज अमक्या गावाला मुक्काम. मम्मी विचारायची, जेवलात? पप्पा म्हणायचे, पिठलं. मग ती फोन ठेवायची आणि खोल्यांच्या दिशेने जायची. पंधरा वर्षं बस जिथे जिथे गेली तिथलं जेवण आमच्या घरात शिजलं, आणि मी ते ताटात वाढून घेऊन, त्याच ताटासमोर बसून, मोबाइलवर बनारसच्या कचोरीचे व्हिडिओ बघितले.

दर यात्रेनंतर मम्मी परत आलेल्या बायकांना विचारतेच, तिथं काय खाल्लं हो. हे मी शंभरदा ऐकलंय. त्या लाजून म्हणतात, अगं, तुझ्याच हातचा मसाला, अगदी घरच्यासारखं. आणि मम्मी हसते. मला वाटायचं कौतुक ऐकायला विचारते. ती बिचारी अभ्यास तपासून घ्यायला विचारत होती, आणि बायका तिला प्रत्येक वेळी तिचाच पेपर परत देत होत्या.

पंगत कशीबशी झाली. गंमत म्हणजे पिठलं सगळ्यांनी दोनदा मागून घेतलं, गुन्हेगार खातात तसं, मान खाली घालून. जाताना बहिरूआजोबा पप्पांना बाजूला घेऊन म्हणाले, पिठलं खरंच भारी असतं रं, त्यात खोटं नाही. पप्पा म्हणाले, व्हय. त्या ‘व्हय’मध्ये हरिद्वारची म्हातारी शेवटचा श्वास घेत होती.

मन्तशाने जाता जाता माझा हात दाबला. मृण्मयी म्हणाली, तू दुसरी आली असतीस तरी चाललं असतं. दोघी खूश. माझी सीट मात्र गेली होती, फक्त जाहीर व्हायची बाकी होती.

ती चार वाजता जाहीर झाली. पप्पा ओट्याशेजारी पाटावर बसून उरलेलं पिठलं खात होते, एकटे, आणि प्रत्येक घासाकडे ते आधी नीट बघत होते. मी दारात उभी होते. पप्पा माझ्याकडे न बघता म्हणाले की जानेवारीत माझी शाळा बुडते, शिवाय ज्या पोरीला चारचौघांत काय बोलावं कळत नाही तिला चारशे कोसांवर न्यायचं धाडस त्यांच्यात नाही. सीट रोहितला, म्हणजे आत्याच्या मुलाला.

रोहित. जो पाणीपुरीसुद्धा चमच्याने खातो.

मी तोंड उघडलं, पण त्याआधी मम्मी बोलली. ती भांडी विसळत होती, हात थांबले नाहीत.

“जाऊ द्या तिला. मी लगीन होऊन आले तवापास्नं तुमच्याकडं काय मागितलं न्हाई. हे एक मागते. एक कुणीतरी घरातलं जाऊन, खाऊन येऊ द्या. मला सांगंल तरी ती नीट. पोरगी बोलती चांगली.”

पप्पांनी हातातला घास परत ताटात ठेवला. मग पुटपुटले, बरं. जाऊ दे तिला.

मिळाली. दोन वर्षांची खटपट, एक माइक, चाळीस कबुलीजबाब, आणि शेवटी भांड्यांच्या आवाजात मिळाली. मी उडी मारायला हवी होती. यादी तयार होती, नकाशा तयार होता, गल्लीचं नाव पाठ होतं. मी डोळ्यांसमोर आणून बघितलं: मी घाटावर उभी आहे, हातात मातीचं भांडं, त्यात मलइयो. आणि परत आल्यावर मम्मी विचारतेय, कसं लागतं गं? आणि मी, तालुक्यात तिसरी, सांगतेय की फेस असतो, जिभेवर ठेवला की जातो. ते तर तिला भाभीने केव्हाच सांगितलंय. ते मलाही न जाता माहीत होतं.

एवढा राग मला आयुष्यात कधी आला नव्हता, आणि वाईट म्हणजे तो कुणावर काढावा हेही कळेना. पप्पांवर काढला असता, पण त्यांनी पंधरा वर्षांत एकदाही स्वतःसाठी कचोरी खाल्ली नव्हती. त्या बसमधला खरा उपाशी माणूस तोच होता.

मी ओढणी कमरेला बांधली. मेळाव्यात होता तोच आवाज काढला, कारण साध्या आवाजात मला रडू आलं असतं.

“दोघांनी ऐका,” मी म्हटलं. “जानेवारीच्या यात्रेला मी जाणार नाहीये. माझ्याऐवजी मम्मी जाणार. मागच्या सीटवर नाही, पुढच्या खिडकीजवळच्या. मागे रोहितला बसवा, त्याला पिठाची सवय होऊ दे. निघायच्या आधी मसाला पौडच्या डंकावरून मी कुटून आणीन, मन्तशाची आजी रहिमतबी बघायला येईल, म्हणजे तो बिघडायचा नाही. खोल्यांचं पाणी मी सोडीन, आजीची औषधं मी देईन. शाळा न बुडवता देईन, त्यामुळे दहावीचं आत्तापासून सुरू करू नका. आणि पप्पा, बारा दिवस मम्मीला भिवाजीकाकांच्या शेगडीपाशी फिरकू द्यायचं नाही. ती रोज बाहेर खाणार आणि तुम्ही तिच्याबरोबर जाणार, समोर बसून तुम्हीपण खाणार. मी विचारत नाहीये, सांगतेय.”